जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड बारीक केलं की बंद पडतं. काय काय तपासू?

तळाशीलचा_पोर | २८ ऑगस्ट, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी.

काकांची होडी तळाशीलला खाडीच्या अंगाला असते. अठरा फुटी फायबर, मागे बाहेरून टांगलेलं ९.९ एचपीचं जपानी टू-स्ट्रोक मशीन, म्हणजेच आउटबोर्ड. दोन सिलिंडर, एक कार्बोरेटर, दोरी ओढून चालू करायचं. काकांनी ते १९९८ साली घेतलं, तेव्हा मी शाळेत होतो. घरात त्याला माणसासारखं जपलं जातं.

मे संपता संपता होडी वर ओढली आणि मशीन पडवीत लाकडी घोड्यावर टांगून ठेवलं. नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा लावलं, तेव्हापासून एकच दुखणं. चोक (हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी कळ) ओढून दुसऱ्या-तिसऱ्या दोरीला चालू होतं. अर्ध्या रेसवर, फुल रेसवर सुरेख पळतं. पण बारीक केलं (आयडलवर आणलं) की वीस-तीस सेकंद तुकतुक करतं, आवाज खाली खाली जातो आणि गप. गिअर टाकला तर त्याच्याही आधी.

काकांचा उपाय ठरलेला: "आयडलचो स्क्रू वाढव, म्हणजे झाला." दोन वळसे वाढवला. आता न्यूट्रलला बंद पडत नाही, पण गिअर टाकताना 'खाड्' असा आवाज येतो की पोटात गोळा येतो.

परवा खाडीच्या मुखाशी परत येताना लाटा उभ्या राहत होत्या. काकांनी दोन लाटांमधली फट बघायला मशीन बारीक केलं आणि ते तिथेच मेलं. होडी आडवी झाली. मी वल्हं घेतलं, काका दोरी ओढत राहिले. पाचव्या ओढीला लागलं म्हणून आज हे लिहितोय. काका ६२ वर्षांचे आहेत आणि उद्याही जाणार म्हणतात.

आतापर्यंत केलेलं: दोन्ही प्लग नवे घातले (एनजीके बी७एचएस-१०, आधीचेच नंबर), टाकीतलं जुनं पेट्रोल काढून ताजं भरलं, ऑइल ५०:१ (पन्नास भाग पेट्रोलला एक भाग). गावच्या मेकॅनिकने कार्बोरेटर उघडून साफ करून दिला. फरक शून्य. पुढे काय?

---

वंगणवाला | २८ ऑगस्ट, रात्री ९.३१

कार्बोरेटर. परत उघडा. सविस्तर उद्या लिहितो, आता कामावर आहे.

---

काळी_बुलेट | २८ ऑगस्ट, रात्री ९.४०

होडीतलं मला काही कळत नाही, पण माझी जुनी मोटारसायकल अगदी असंच करायची. सिग्नलला बंद, हायवेला राणी. कार्बोरेटरमधला स्लो जेट (बारीक चालताना पेट्रोल सोडणारं बारीक भोक) तुंबलेला निघाला.

---

निवृत्त_चीफ | २८ ऑगस्ट, रात्री १०.०५

तळाशीलचा_पोर, सगळ्यात आधी तो स्क्रू होता तिथे परत न्या. आयडल वाढवून आजार झाकला जातो आणि दुसरा सुरू होतो. या मशीनांच्या गिअरला क्लच नसतो. खाली गिअरपेटीत दातेरी डॉग असतो, तो फिरत्या गिअरच्या खाचेत एकदम जाऊन बसतो. तुमचा 'खाड्' म्हणजे त्या दातांच्या कडा झिजतायत. महिनाभर असं चाललं तर भर समुद्रात गिअर सुटायला लागेल.

आता काही न उघडता दोन चाचण्या करा. मशीन गरम झाल्यावर बारीक करा आणि आवाज खाली जायला लागला की टाकीच्या पाइपावरचा रबरी फुगा दोन-तीनदा दाबा. दाबल्यावर मशीन सावरलं तर पेट्रोल वरपर्यंत पोचत नाहीये: मशीनवरच्या पेट्रोल पंपाचा पडदा, पाइप, जोड, टाकी यांच्याकडे बघायचं.

फुग्याने काहीच झालं नाही तर पुन्हा बारीक करा, आणि मरायला लागलं की चोक अगदी थोडा ओढा. सावरलं तर त्याला पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळतेय. उलट चोक ओढल्यावर आणखी लवकर मेलं तर पेट्रोल आधीच जास्त आहे किंवा ठिणगीत गडबड आहे.

या दोन उत्तरांनी निम्मं शोधकाम संपतं. एका वेळी एकच गोष्ट बदला. प्लग, पेट्रोल, कार्बोरेटर सगळं एकाच दिवशी केलं की कशाने काय झालं ते कधीच कळत नाही.

---

रेवदंड्याची_मीना | २८ ऑगस्ट, रात्री १०.२२

चीफसाहेबांना अनुमोदन. त्याच्याही आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना ते बघ भाऊ. आमच्या बाबांनी एकदा तो बंद ठेवून अर्धा दिवस घालवला होता. टाकीत हवा शिरायला वाट नाही म्हणून पेट्रोल ओढलं जाईना, फुगा चपटा होऊन बसलेला. फुगा चपटा दिसला की पहिला हात झाकणाकडे.

आणि पाइप मशीनला जोडतो त्या कनेक्टरमधली बारीक ओ-रिंग. कडक झाली की तिथून हवा ओढते, पेट्रोल मात्र बाहेर गळत नाही, म्हणून कोणाला संशय येत नाही. आमच्याकडे दोन जास्तीच्या नेहमी डब्यात असतात. फुग्यावरचा बाण मशीनकडे आहे ना तेही बघ. पावसाळ्यानंतर पाइप परत लावताना उलटा लागतो कधी कधी.

---

डोंगरातला | २८ ऑगस्ट, रात्री १०.५०

एक भाबडा प्रश्न. नवीन फोर-स्ट्रोक का घेत नाहीत काका? पेट्रोलही कमी लागेल.

---

तळाशीलचा_पोर | २९ ऑगस्ट, सकाळी ७.४८

@डोंगरातला, पैशाचं गणित आहेच, पण वजनही आहे. रोज संध्याकाळी मशीन काढून खांद्यावरून घरी आणावं लागतं. काका आणि मी मिळून हे उचलतो. त्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक बरंच जड. शिवाय या मशीनचा प्रत्येक नट काकांना अंधारात सापडतो.

चीफसाहेब, पहाटे खाडीतच दोन्ही चाचण्या केल्या. झाकणाचा स्क्रू उघडा, बाण बरोबर, फुगा घट्ट. मरताना फुगा दाबला: काही फरक नाही. चोक पाव भाग ओढला: आवाज एकदम भरून आला आणि मशीन दोन मिनिटं चालू राहिलं! चोक आत ढकलला की परत मरायला लागलं. तीनदा केलं, तीनदा तेच.

आयडलचा स्क्रू मागे घेतलाय. काकांना पटलेलं नाही.

---

निवृत्त_चीफ | २९ ऑगस्ट, सकाळी ८.१५

छान. म्हणजे बारीक चालताना पेट्रोल कमी. याची कारणं दोनच: पेट्रोल येण्याची बारीक वाट तुंबलीय, किंवा कुठून तरी फुकटची हवा आत शिरतेय. आधी पहिलं संपवा.

वर जाताना चांगलं पळतं म्हणून कार्बोरेटर स्वच्छ आहे असं धरू नका. थ्रॉटलची पाकळी (रेस कमी-जास्त करणारी झडप) जवळजवळ मिटलेली असते तेव्हा मेन जेट, म्हणजे जोरात चालताना पेट्रोल देणारं मोठं भोक, कामच करत नाही. सगळं पेट्रोल पायलट जेटमधून (यालाच स्लो जेट म्हणतात), म्हणजे सुईच्या टोकाएवढ्या भोकातून येतं. मेन जेट तुंबायला खडा लागतो, पायलट जेटला सुकलेल्या पेट्रोलचा थर पुरतो.

---

वंगणवाला | २९ ऑगस्ट, दुपारी १.२०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. मी रत्नागिरीत आउटबोर्डचंच काम करतो, नारळी पौर्णिमेनंतरचे पंधरा दिवस आमच्याकडे याच तक्रारीची रांग असते. कारण एकच. १ जूनला बंदी लागते, होडी वर येते, मशीन टांगलं जातं आणि कार्बोरेटरच्या वाटीत चमचाभर पेट्रोल तसंच राहतं. दोन महिन्यांत त्यातलं हलकं ते उडून जातं आणि मागे ऑइल आणि डिंक उरतो. वाटीच्या तळाशी गुळाच्या काकवीसारखा थर बसलेला असतो, बोट लावलं तर तार सुटते.

आता 'साफ केला' म्हणजे काय केलं ते विचारा. बरेच जण वाटी काढतात, मेन जेट फुंकतात आणि परत लावतात. पायलट जेटला हातच लागत नाही. काही कार्बोरेटरमध्ये तो एका छोट्या रबरी बुचाखाली लपलेला असतो. ज्याला माहीत नाही त्याला वाटतं तिथे काही नाहीच. वाटी काढा, मधल्या खांबाशेजारी काळं बूच दिसतंय का बघा, चिमट्याने काढा, आत पितळी जेट असेल. स्क्रूड्रायव्हर बरोबर मापाचा घ्या. पितळ मऊ असतं, खाच एकदा गेली की रडायची पाळी.

जेट बाहेर काढून उजेडाकडे धरा. भोक पूर्ण गोल दिसलं पाहिजे. चंद्रकोर दिसली तर तुंबलेलाच समजा. लोखंडी तार, सुई, गिटारची तार असलं काही घालू नका, भोक मोठं होतं आणि मग ते मशीन कधीच नीट बारीक चालत नाही. कार्बोरेटर क्लीनरमध्ये तासभर भिजवा आणि विजेच्या मऊ वायरमधली तांब्याची एक बट घालून हलक्या हाताने फिरवा. मग उलट बाजूने हवा मारा.

बाजूचा पायलट स्क्रू (बारीक चालतानाचं पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा) काढण्याआधी तो हलकेच पूर्ण आत फिरवा आणि किती वळसे गेला ते भिंतीवर, हातावर, कुठेही लिहून ठेवा. आत गच्च आवळू नका, टोक सुईसारखं असतं, त्याला कंगोरा पडतो. तो काढल्यावर त्या भोकातून क्लीनर फवारला की थ्रॉटलच्या पाकळीजवळच्या दोन-तीन बारीक छिद्रांतून फवारा बाहेर आला पाहिजे. सगळ्यांतून. एकातून येत नसेल तर काम अर्धवट आहे. क्लीनर डोळ्यात उडतो, चष्मा घाला.

---

सासष्टीकार | २९ ऑगस्ट, दुपारी ३.०५

आमच्या गोव्यातही हेच चाललंय. माझ्या मते खरा गुन्हेगार ते पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल. पूर्वी चार महिने पेट्रोल ठेवलं तरी काही होत नसे.

---

वंगणवाला | २९ ऑगस्ट, दुपारी ३.३०

@सासष्टीकार, पूर्वीही व्हायचं. मी २००४ पासून या कामात आहे, तेव्हाही कार्बोरेटर असेच यायचे. हल्ली जास्त येतात, एवढं मान्य.

---

सासष्टीकार | २९ ऑगस्ट, दुपारी ३.४४

जास्त येतात म्हणजेच कारण तेच ना? देशात २०२२ मध्ये दहा टक्के मिसळ झाली, २०२३ पासून वीस टक्केवालं पंपावर यायला लागलं. त्यानंतर माझ्या दोन होड्यांचे पाइप आतून मऊ होऊन त्यांची साल सुटली. ती साल जाऊन पेट्रोल पंपात बसली. हाताने काढलीय मी.

---

निवृत्त_चीफ | २९ ऑगस्ट, सायंकाळी ६.१०

दोघांचंही बरोबर आहे, मुद्दे वेगळे आहेत. इथेनॉल हवेतलं पाणी धरून ठेवतं. खाडीकाठच्या दमट हवेत, अर्ध्या रिकाम्या टाकीत हे जास्त होतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी वेगळे होतात आणि टाकीतला पाइप नेमका तळातूनच ओढतो. दुसरं, इथेनॉलमध्ये प्राणवायू असतो, म्हणून त्याच जेटमधून तेवढंच मिश्रण आलं तरी ते थोडं कोरडं पडतं, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त असं होतं. १९९८ च्या मशीनचे जेट त्या काळच्या पेट्रोलसाठी ठरवलेले. काठावर चालणाऱ्या मशीनला हा फरक बारीक रेसवर आधी जाणवतो.

पण तुंबलेला जेट हा तुंबलेला जेटच. पेट्रोलला शिव्या देऊन तो मोकळा होणार नाही.

तुमच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे ते घरी बघता येतं. ऑइल मिसळण्याआधीचं ५० मिली पेट्रोल आणि ५० मिली पाणी एका खुणांच्या काचेच्या नळीत घ्या, हलवा, दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा पाण्याचा थर ५० चा ६० च्या आसपास गेला तर साधारण वीस टक्के. हे उघड्यावर करा, जवळ विडी-सिगारेट नको.

---

मिनेसोटाचा_मन्या | २९ ऑगस्ट, रात्री ११.५२

इथे तळ्यावर माझ्याकडे १९७० च्या दशकातलं जॉन्सन आहे, सहा एचपीचं. इथल्या काही पंपांवर होड्यांसाठी आणि जुन्या गाड्यांसाठी बिनइथेनॉलचं पेट्रोल वेगळं मिळतं, आम्ही तेच घालतो. तुमच्याकडे पावसाळा तशी आमच्याकडे थंडी. तळी गोठायच्या आत शेवटच्या फेरीला पेट्रोलचा पाइप काढून मशीन चालूच ठेवायचं, ते वाटीतलं सगळं पिऊन आपणहून बंद पडतं. मग वाटीचा तळाचा स्क्रू उघडून उरलेला थेंबही काढायचा. गेल्या सात हिवाळ्यांत कार्बोरेटर उघडावा लागलेला नाही.

जाता जाता: आउटबोर्ड घराघरांत पोचवणारा ओले एव्हिनरूड हा इथून जवळच्या मिलवॉकीचा, जन्माने नॉर्वेचा. १९०९ मध्ये त्याने विक्री सुरू केली. उन्हाळ्यात तळ्यापलीकडून आइस्क्रीम आणायला वल्हवत गेला, येईपर्यंत ते वितळलं, तेव्हा त्याच्या डोक्यात हे आलं अशी गोष्ट इथे सगळे सांगतात.

---

रेवदंड्याची_मीना | ३० ऑगस्ट, सकाळी ९.०२

आइस्क्रीमची गोष्ट आवडली! आमच्याकडे मासळीवरचा बर्फ वितळायच्या आत बंदर गाठायचं असतं, म्हणजे कारण तेच.

---

जुना_खलाशी | ३० ऑगस्ट, सकाळी १०.१५

एवढं सगळं कशाला? ऑइल जास्त टाका. ५०:१ फार पातळ, आम्ही २५:१ च चालवतो, तेही स्कूटरचं टू-टी. वीस वर्षं झाली.

---

वंगणवाला | ३० ऑगस्ट, सकाळी १०.४०

@जुना_खलाशी दादा, मान ठेवून सांगतो, या तक्रारीत हा उपाय उलटा पडेल. एका लिटरमागे २० मिलीऐवजी ४० मिली ऑइल घातलं की त्याच भोकातून पेट्रोल आणखी कमी येणार. त्याचं दुखणंच पेट्रोल कमी असण्याचं आहे. प्लगवर काजळी धरेल ती वेगळीच. २५:१ नव्या मशीनच्या रनिंग-इनसाठी, म्हणजे सुरुवातीच्या काही तासांसाठी.

आणि स्कूटरचं ऑइल हवेवर थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनासाठी असतं. आउटबोर्ड समुद्राच्या पाण्यावर थंड होतं, त्याला टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं बिनराखेचं ऑइल लागतं. स्कूटरचं ऑइल घातलेल्या मशीनची पिस्टन रिंग खाचेत चिकटलेली मी दरवर्षी बघतो.

---

जुना_खलाशी | ३० ऑगस्ट, सकाळी ११.०३

माझी नाही चिकटली. पण पेट्रोल कमी होण्याचा मुद्दा पटला.

---

तळाशीलचा_पोर | ३१ ऑगस्ट, रात्री ८.३६

मंडळी, बातमी आहे.

आज दुपारी अंगणात जुनी चादर अंथरून कार्बोरेटर उघडला. वंगणवाला म्हणाले तसं काळं रबरी बूच होतं! ते कधी काढलंच गेलं नव्हतं, कारण त्याच्या कडेवर धुळीचा अखंड थर होता. खालचा जेट काढून आकाशाकडे धरला. उजेडच नाही. चंद्रकोर सोडा, अमावस्या. रात्रभर नाही, पण तीन तास भिजवला. वायरची बट फिरवली, त्याबरोबर हिरवट-तपकिरी चुरा आला. मग काकांनी जेट धरला आणि म्हणाले, "आता तारो दिसता." मी बघितलं तर खरंच, मधोमध एक स्वच्छ ठिपका.

पायलट स्क्रू आधी पाऊण वळसा बाहेर होता. वरच्या छिद्रांतून क्लीनर तिन्हीकडून येतोय.

मशीन दोनशे लिटरच्या कापलेल्या पिंपात चालवून बघितलं. आता बारीक केल्यावर लगेच मरत नाही. पण एक नवीनच प्रकार: आवाज आपोआप वर जातो, खाली येतो, वर जातो, एका जागी ठरत नाही. आणि चार-पाच मिनिटांनी धापा टाकून बंद. चोकने अजूनही थोडं सुधारतं. म्हणजे अर्धं काम झालं, अर्धं बाकी?

---

निवृत्त_चीफ | ३१ ऑगस्ट, रात्री ९.१२

शाब्बास! अर्ध्याहून जास्त झालं.

आधी पिंपाबद्दल. पिंपात मशीन धापा टाकतं त्यावर विश्वास ठेवू नका. धूर पाण्याखालून बाहेर पडतो आणि पिंपाच्या तोंडाशी साचतो, मशीन तोच परत ओढतं. शिवाय पिंपात पाणी घुसळून फेस होतो, थंडाव्याचं पाणीही नीट चढत नाही. आयडलची शेवटची जुळणी नेहमी होडीवर, खऱ्या पाण्यात, मशीन गरम असताना आणि पुढचा गिअर टाकून करायची, होडी दोन दोरांनी बांधून.

पण वर-खाली होणारा आवाज आणि चोकने सुधारणं हे फुकटच्या हवेचं लक्षण. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड (इंजिनात मिश्रण नेणारी वाट) यांच्यामधलं पॅकिंग बघा, मग रीड व्हॉल्व्हच्या (मिश्रण आत घेणाऱ्या पातळ पट्ट्यांच्या झडपेच्या) पाट्याचं. मशीन बारीक चालू असताना जोडावर डब्ल्यूडी-४० चा अगदी छोटा फवारा, एका वेळी एका जागी. ज्या जागी मारल्यावर आवाज बदलतो तिथे फट. हा फवारा पेट घेतो, म्हणून प्लगच्या टोप्या नीट बसलेल्या हव्यात आणि बाजूला वाळूची बादली हवी.

कुठेच बदल झाला नाही तर क्रँकशाफ्टचं खालचं सील राहतं. पण तिथवर जायची घाई नको.

---

काळी_बुलेट | ३१ ऑगस्ट, रात्री ९.३०

एका सिलिंडरच्या प्लगची टोपी काढून बघितली तर? दोन्ही चालतायत का ते लगेच कळेल. आम्ही गाड्यांना तसंच करतो.

---

वंगणवाला | ३१ ऑगस्ट, रात्री ९.५५

चाचणी चांगली आहे, पण चालू मशीनची टोपी काढून मोकळी सोडू नका. ठिणगीला वाट मिळाली नाही की सीडीआय (ठिणगी देणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) आणि कॉइलवर ताण येतो, आणि हाताला झटका बसतो तो वेगळा. मशीन बंद करा, टोपीत जुना प्लग खोचा, त्याचं लोखंड इंजिनाला घट्ट टेकवून बांधा, मग चालू करा. पुढे दुसऱ्यासाठी तेच. दोन्ही वेळा आवाज सारखाच पडला तर दोन्ही सिलिंडर सारखं काम करतायत. एकाला काढून काहीच फरक पडला नाही तर तो आधीपासूनच झोपलेला.

जमलं तर दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशनही (आतला दाब) बघा. आकड्यापेक्षा दोघांमधला फरक महत्त्वाचा. दहा टक्क्यांच्या आत असेल तर निर्धास्त.

---

मिनेसोटाचा_मन्या | १ सप्टेंबर, पहाटे ४.२०

थर्मोस्टॅटही बघा. माझा उघडाच अडकला होता. पाणी सतत फिरून मशीन कधी तापायचंच नाही आणि थंड मशीन बारीक चालत नाही.

---

वंगणवाला | १ सप्टेंबर, सकाळी ८.०५

बरोबर, पण त्यात प्लग ओले-काळे येतात. @तळाशीलचा_पोर, तुमच्या प्लगचा रंग?

---

तळाशीलचा_पोर | १ सप्टेंबर, सकाळी ८.४०

दोन्हींचा फिकट, जवळजवळ पांढरा. काळे अजिबात नाहीत. काका शेजारी बसून सगळे प्रतिसाद वाचून घेतायत. म्हणाले, "अर्धो महाराष्ट्र माझ्या मशीनीची नाडी बघता, तेका आता बरा होवकच व्हया."

---

रेवदंड्याची_मीना | १ सप्टेंबर, सकाळी ८.५१

काकांना नमस्कार सांग! आणि तोवर मुखाकडे जाऊ देऊ नकोस त्यांना. खाडीतल्या खाडीत काय ती कालवं काढा.

---

तळाशीलचा_पोर | ३ सप्टेंबर, रात्री ९.२५

सापडलं.

काल सकाळी होडी माडाला बांधून, पाण्यातच, चीफसाहेबांनी सांगितलं तसं केलं. रीडच्या पाट्याच्या कडेने फवारा मारला, काही नाही. कार्बोरेटरच्या मागच्या जोडावर वरच्या बाजूने मारला, काही नाही. खालच्या बाजूने नळी वाकवून मारला आणि आवाज एकदम बदलला. पुन्हा मारला, पुन्हा बदलला.

कार्बोरेटर काढला. पॅकिंग होतं ते कंपनीचं नव्हतंच, कुठल्याशा खोक्याच्या पुठ्ठ्याचं कात्रीने कापलेलं. एका बाजूला 'नाजूक माल' मधलं 'नाजू' अजून वाचता येत होतं. खालची कड पेट्रोलने भिजून दुमडून आत गेलेली, तिथून हवा सरळ आत. म्हणजे साफ करताना जुनं फाटलं आणि हे लावलं गेलं. एक दुखणं घेऊन गेलो आणि दोन घेऊन आलो. म्हणूनच साफ करूनही फरक शून्य वाटत होता.

नवं पॅकिंग आज मिळालं. दोन्ही बोल्ट थोडे थोडे आळीपाळीने आवळले. पायलट स्क्रू दीड वळसा, आयडलचा स्क्रू मूळ खुणेवर. मशीन दहा मिनिटं चालवून गरम केलं, पुढचा गिअर टाकला, बांधलेली होडी दोर ताणून उभी राहिली. काकांनी हातातलं घड्याळ काढून माझ्याकडे दिलं. वीस मिनिटं. एकदाही आवाज पडला नाही. थंडाव्याच्या पाण्याची धार सरळ. मागचा गिअर, न्यूट्रल, पुढचा गिअर, 'टक्' एवढाच आवाज.

---

निवृत्त_चीफ | ३ सप्टेंबर, रात्री ९.४१

फार आनंद झाला. गिअर टाकून ज्या जागी आवाज सगळ्यात भरदार येतो, तिथून पायलट स्क्रू जरासा पेट्रोल वाढण्याच्या बाजूला ठेवा. नेमका काठावर ठेवला तर थंड पहाटे गिअर टाकताना पुन्हा दचकेल.

---

सासष्टीकार | ३ सप्टेंबर, रात्री १०.०८

अभिनंदन! पाइप मात्र आतून तपासाच. जुना असेल तर बदला.

---

जुना_खलाशी | ४ सप्टेंबर, सकाळी ७.१५

मी पण काल माझं बूच काढून बघितलं. आत निम्मा तुंबलेला. वंगणवाला, ते टीसी-डब्ल्यू३ रत्नागिरीत कुठे बघायचं?

---

वंगणवाला | ४ सप्टेंबर, सकाळी ७.५०

मिरकरवाड्याच्या बाजूला इंजिनाच्या सुट्या भागांच्या दुकानांत विचारा दादा. डब्यावर आउटबोर्डसाठी असं लिहिलेलं बघूनच घ्या.

---

रेवदंड्याची_मीना | ५ सप्टेंबर, दुपारी १२.३०

काका बाहेर गेले का रे मग?

---

तळाशीलचा_पोर | ५ सप्टेंबर, सायंकाळी ७.०४

गेलो, दोघंही. पहाटे साडेचारला निघालो, परत येताना सुकती लागली होती, मुखाशी पाणी उभं होतं. काकांनी मशीन बारीक केलं. मी वल्हं आधीच हातात धरून ठेवलं होतं. तुकतुक, तुकतुक, चालूच. काकांनी एक लाट जाऊ दिली, दुसरी जाऊ दिली, तिसरीच्या पाठीवर रेस दिली आणि आम्ही आत. बांगडा बरा मिळाला, टोपलीभर सौंदाळे.

वल्हं मी शेवटपर्यंत सोडलं नाही, काका त्यावरून अजून हसतायत.

---

डोंगरातला | ५ सप्टेंबर, सायंकाळी ७.२२

पॅकिंग कुठून मिळवलंत? आमच्या धरणावरच्या होडीला पण लागेल.

---

तळाशीलचा_पोर | ५ सप्टेंबर, सायंकाळी ७.४०

इंजिनाच्या पाटीवरचा मॉडेल नंबर फोनवर सांगून रत्नागिरीहून मागवलं, एसटीच्या पार्सलने आलं. दोन मागवलीत. एक मीनाताईंसारखं डब्यात ठेवलंय, ओ-रिंगांबरोबर.